दिवाळ्याची अख्खी होडी

आमच्या सोसायटीत ज्यांनी ज्यांनी माझी कॅसेट पाहिली, त्यांची एकच तक्रार आहे. होडी तीनदा दिसते, पण निघत एकदाही नाही. तळमजल्यावरचे जोगळेकर तर तोंडावरच म्हणाले, "अहो, रजा काढलीत, कॅमेरा भाड्याने आणलात, वहिनींना ओझी वाहायला लावलीत, आणि होडी सुटतानाचंच घेतलं नाहीत?"

नाही घेतलं. का नाही घेतलं हे जिन्यात उभं राहून सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय. वाशीहून दिवाळं म्हणजे बसने पाऊण तास. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन लिहिणारा मी पहिलाच असेन. लोक युरोप पाहून येतात आणि कारंज्यांवर पानंच्या पानं लिहितात. पण आमच्या सोसायटीतलं एकही बिऱ्हाड आजवर दिवाळ्याला गेलेलं नाही. तिथली मासळी मात्र निम्म्या ताटांत येते. तेव्हा न गेलेल्यांसाठी लिहायचं, तर मला युरोपपर्यंत जायची गरज नाही.

आधी भिंगाबद्दल सांगतो, कारण सगळा घोळ त्याचा. माझे मामा कराडकडच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडलं तेव्हा मालकांनी हार, नारळ आणि रुंद पडद्याच्या सिनेमासाठी मशीनपुढे लावायचं भिंग अशा तीन गोष्टी देऊन मामांना निरोप दिला. त्या सिनेमांची गंमत अशी की चित्र घेतानाच दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करतात. फिल्मवर माणसं काठीसारखी उंच दिसतात, आणि हे भिंग त्यांना पडद्यावर पुन्हा ऐसपैस करतं. तेच भिंग कॅमेऱ्यापुढे धरलं तर उलटं होतं. समोरचं रुंद जग दाबून आत घेता येतं. मामांनी ते मला दिलं. "तू हौशी आहेस," म्हणाले. माझ्या बायकोचं, सुमनचं, मत वेगळं आहे. ती म्हणते, "यांना हौस नाही, यांचं बूड टेकत नाही." पेटी झाली, बोन्साय झाले, बाराक्षाराची औषधं झाली. शेहेचाळिसाव्या वर्षी हा पितळी तांब्याएवढा, अडीच किलोचा नवा उद्योग घरात आला. सोसायटीत त्याला तांब्याच म्हणतात.

सुताराकडून मी एक लाकडी पट्टी करून घेतली, नळाला लावतात तसला पत्र्याचा पट्टा आणला, मध्ये सायकलच्या ट्यूबची गुंडाळी दिली आणि भिंग व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे बसवलं. हे भिंग गोल दिसत असलं तरी त्याला वरची बाजू असते, आणि ती वरच राहावी लागते. म्हणून वर सुमनच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला. ठिपका बरोबर बारावर असला की सगळं सरळ. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मला रजा होती, म्हणजे मी काढली होती. कंपाउंडात उभा राहून आमची बिल्डिंग घेत होतो. मागे सरकायला जागा नाही, कारण मागे नाला. तरी दोन्ही फाटकांसकट अख्खी बिल्डिंग आत आली. इतक्यात यमुनाबाय आली. यमुनाबाय म्हणजे आमच्याकडे येणारी दिवाळ्याची कोळीण. आमच्याकडे श्रावण पाळतात, म्हणजे मी पाळतो. श्रावणात मासे येत नाहीत, यमुनाबाय मात्र येते, सुमनशी गप्पा मारते, चहा पिते आणि जाते. तिने टोपली उतरवून कॅमेऱ्याला डोळा लावला.

"अग बाय! सगली लांबोडकी दिसतान! पन अक्की बिल्डिंग बसली की वो सायेब."

"बसली ना. हीच तर मजा आहे."

"मंग माजी होरी बसल का यात?"

होडी तिच्या मुलाची, हरेशची. अडतीस फुटांची, कोरी, इंजिन बसवलेली. नारळी पौर्णिमेला सगळ्या घरांचे नारळ पाण्यात गेले आणि होड्या सुटल्या. यमुनाबायच्या घरचा नारळ मात्र अजून तिच्या सासूच्या, हिराबायच्या, उशाशी होता. त्या घरात नवीन होडीचा नारळ घरातली सगळ्यात मोठी बाई देते. ती होडी पाण्यावर बसलेली बघते, मनासारखी बसली असेल तर नारळ हातात ठेवते, आणि मगच होडी बाहेर समुद्राला जाते. हिराबाय शिमग्यात पडली, तिचा खुबा मोडला, आणि तेव्हापासून ती खाटेवर होती.

"मग उचलून न्या की धक्क्यावर," सुमन म्हणाली.

"बोललो ना ताय. तर बोलते, चार जनांनी उचलून न्यायची येल एकदाच येते, ती आयली की नेवा."

लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून त्यांनी होडीची कॅसेट काढून आणली होती. पण धक्क्यावर मागे सरकायला जागा नाही. एका बाजूला घरं, समोर चिखल. त्याने आधी नाळ दाखवली, म्हणजे पुढचं टोक, मग कॅमेरा फिरवत फिरवत मागचं टोक.

"म्हातारी बोलली, ही होरी हाय का बोंबलाचे तुकडे? पुडचा टोक आन मागचा टोक एका टायमाला बगितल्याशिवाय कलत नाय होरी कशी बसलीय ती. आन सोमवारपरत उधानाचा मोटा पानी हाय सायेब. मंग पानी उतरला का ही मोटी होरी चिकलावरून निगत नाय. पंदरा दिस बसा."

तिचा मुलगा पंधरा दिवस बसून राहणार, हे ऐकून मलाच कसंतरी झालं. मी पंधरा मिनिटं बसू शकत नाही.

शनिवार: वाशी ते दिवाळे

श्रावणात लग्नं नाहीत, त्यामुळे कॅमेरा आणि व्हीसीआर दोन्ही सहज मिळालं. कॅमेरा माझ्या मांडीवर, व्हीसीआर चादरीत गुंडाळून सुमनच्या मांडीवर, स्टँड बाकाखाली, आणि भिंग दळणाच्या डब्यात.

वाशी मागे पडली की आमचं नवं शहर विरळ होत जातं. आमच्या गावाकडे आधी माणसं राहायला येतात, मग पायवाट पडते, मग कुणीतरी मरायला टेकलं की रस्ता होतो. इथे आधी रस्ता, मग दिव्यांचे खांब, मग सेक्टरच्या नंबराची पाटी, आणि त्या पाटीखाली माणसाची वाट बघत बसलेली म्हैस. डावीकडे खडी काढून निम्मे खाल्लेले डोंगर, उजवीकडे खारफुटी आणि मिठागरांचे रिकामे चौकोन. मी सुमनला म्हटलं, "हे सगळं रुंद आहे बघ. हे साध्या कॅमेऱ्यात येणारच नाही." ती म्हणाली, "पाय जरा आखडून घ्या, म्हणजे व्हीसीआरही येईल."

करावे गावचा फाटा आला तेव्हा तिने मला यमुनाबायचं माहेर ते हेच असं सांगितलं. दोन वर्षं ती बाई आमच्या दारी येते. सुमनला तिचं माहेर, तिच्या जावेचं दुखणं, हरेशच्या ठरत आलेल्या लग्नाची बोलणी, सगळं माहीत. मला फक्त पापलेटचा भाव माहीत.

बेलापूरला यमुनाबाय घ्यायला आली होती, तिच्यामागून चालत दिवाळ्यात शिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की स्टँड उभा धरून न्यावा लागला. दारादारांत जाळी पसरलेली, त्यांच्याशेजारी बायका बसलेल्या, आणि आम्ही गेलो की मागे एक कुजबुज. कुणीतरी विचारलं, "यमुने, कोन गो ही?" यमुनाबाय मोठ्याने म्हणाली, "आमचे सायेब. आमचे म्हातारीसाटी पिच्चर काडाला आयलेन." माझी छाती दोन इंच रुंद झाली.

हिराबाय पुढच्याच खोलीत खाटेवर टेकून बसली होती. बारीक, काळी, कपाळावर मोठं गोंदण, आणि डोळे असे की आपण आपला शर्ट खोचलाय का ते तपासावं. उशाशी हळद-कुंकू लावलेला नारळ. मी नमस्कार केला. तिने भिंगाकडे पाहिलं.

"ही काच कोनाची?"

"माझ्या मामांची."

"मामा कदी खारीत गेला व्हता?"

"नाही हो. कराडला खाडी नाही."

"हं," एवढंच म्हणाली.

यमुनाबायने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि वाटीत निवटीचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर लांबीचा मासा. त्याचे डोळे डोक्याच्या वर असतात आणि तो वाटीतूनही आपल्याकडेच बघतो. "माझा श्रावण आहे," मी म्हटलं. हरेश हसला. अठ्ठावीसचा, रुंद खांद्यांचा, फार न बोलणारा. "श्रावनात तर आमचा दर्या उगडतो सायेब. तुमी बंद करता तवा आमी चालू करताव." सुमन कोकणातली, देवगडची. तिने तोवर दुसरी वाटी घेतली होती. मी बिरडं खाल्लं, तेही उभ्याने, कारण भरती चुकेल अशी मला धास्ती होती. भरतीला अजून तास होता.

धक्क्यावर पंचवीस पावलांपलीकडे जागा नाही हे खरंच. समोर होडी. खालून निळी, वरून पांढरी, आणि दोन रंगांच्या सांध्यावर नाळेपासून मागपर्यंत हातभर रुंद पिवळा पट्टा. डावीकडे नाळ, उजवीकडे इंजिन. मी स्टँड लावला, पायांपाशी खडूच्या खुणा केल्या. भिंग बसवलं, लाल ठिपका बारावर घेतला. मग फोकस. यात दोन फोकस असतात, एक कॅमेऱ्याचा, एक भिंगाचा. एक जमला की दुसरा बिघडतो. मी वैतागून भिंगाची कडी करकचून फिरवली. तेवढ्यात घरचे सगळे होडीत उभे राहिले. यमुनाबाय, तिची जाऊ, दोन पुतणे, मधल्या काठीला धरून हरेश. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या त्या बोटभर खिडकीत सगळं काळंपांढरं आणि उंच दिसत होतं. नाळ आत, मागचं टोक आत. मी ओरडलो, "बसली! अख्खी बसली!"

यमुनाबायच्या घरी येऊन व्हीसीआर जोडला. पडद्यावर बांबूसारखी लांब माणसं उभी राहिली. यमुनाबायची जाऊ तब्येतीने भरलेली, ती स्वतःला बघून लाजली. मी टीव्हीच्या मागे गेलो. तिथे चित्राची उंची कमी करायचा एक स्क्रू असतो, तो पेचकसाने फिरवत गेलो. चित्र वरून-खालून दबत आलं, वर आणि खाली काळे पट्टे पडले, माणसं रुंद व्हायला लागली.

"पुरे सायेब!" जाऊ ओरडली. "मना अशीच र्‍हावू दे!"

स्क्रू तसाही पुढे जाईना. थोडी बारीकच राहिली सगळी. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

हिराबाय बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. टाळ्या अपेक्षित नव्हत्या, पण "वा" तरी.

"मागं बसलीय," ती म्हणाली.

हरेश खाटेपाशी आला. "आजे, नाय बसली मागं. मी सोता बगितली."

"तू होरीत उबा व्हतास. तुना काय दिसनार?" तिने नारळ उचलला नाही. उलट पदराने झाकला.

मी टीव्हीसमोर वाकलो. होडी खरोखरच उजवीकडे, म्हणजे मागे, कलली होती. वायरी तपासल्या, टीव्ही हलवला. मग मधली काठी दिसली. ती डावीकडे झुकली होती. होडी मागे बसली तर काठीनेही मागे झुकायला हवं. ही तर पुढे झुकली होती, आणि सगळी माणसंही वाऱ्यात उभी असल्यासारखी पुढे झुकलेली. मी डब्यातून भिंग काढलं. लाल ठिपका बारावर नव्हता, एकावर होता. कडी करकचून फिरवताना अख्खं भिंगच ट्यूबमध्ये फिरलं होतं.

मी ड्राफ्ट्समन आहे. वीस वर्षं टी-स्क्वेअर धरून आडवी रेष आडवी आणि उभी रेष उभी काढण्याचा पगार घेतो.

रविवार: दिवाळे

शेवटची बस गेली होती, आम्ही तिथेच राहिलो. सकाळी चहा व्हायच्या आत मी कबुलीजबाब द्यायला खाटेपाशी गेलो. रात्रभर मनात घोळवलेलं भाषण होतं. भिंग कसं चालतं, ते फिरलं की आडव्या रेषा एका बाजूला आणि उभ्या रेषा दुसऱ्या बाजूला कशा जातात, काठीचा पुरावा, माझा हलगर्जीपणा. हरेशच्या होडीचा यात काहीही दोष नाही. शेवटी मी हातसुद्धा जोडले.

हरेशचा जीव भांड्यात पडला. "बगलास ना आजे? काच तिरपी व्हती."

हिराबायने पुरतं ऐकून घेतलं. "तुजी काच तिरपी व्हती?"

"हो."

"बरा जाला सांगितलास. आता सरल लावून आन."

एवढा साधा निकाल. मी मात्र दिवसभर स्वस्थ नव्हतो. ट्यूबचे आणखी दोन वेढे घातले. हरेशने वर जाळ्याचा दोर आवळून दिला. त्यांची एक गाठ असते, ओली झाली की आणखी घट्ट बसते. मी आजवर भिंगाला पत्र्याचे पट्टे लावत बसलो होतो. भरतीला तास असताना धक्क्यावर गेलो, बॅटरी पाचदा तपासली, ठिपका पंधरा वेळा. सुमन धक्क्यावर बायकांत जाळं शिवायला बसली होती. तिने दुरून ओरडून विचारलं, "अहो, बसणार का जरा?" मी म्हटलं, "बसतो," आणि दुसऱ्या टोकाला चालत गेलो.

त्याच खुणांवर स्टँड, तीच होडी, तेच लोक. काठी सरळ. घर, टीव्ही, स्क्रू. चित्र असं की मामांनी पाहिलं असतं तर पान थुंकून "शाब्बास" म्हणाले असते. सगळ्या आडव्या रेषा आडव्या. हरेशने पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हिराबाय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "थांबव."

मी चित्र थांबवलं.

"पिवला पट्टा बग. पुडं पान्याच्या वर चार बोटा हाय. मागं पानी पट्ट्याला लागलाय. मागं बसलीय."

मी पडद्याला नाक लावलं. खरंच. पुढे पट्ट्याखाली निळा रंग दिसत होता, मागे नाही.

"पण काल मी भिंग तिरपं—" मी म्हटलं.

"काल पन पट्टा असाच व्हता. तुजी काच तिरपी व्हती तर पानी पन तिरपा व्हता. मी पान्यापासून मोजताव. तुज्या खोक्याच्या चौकटीपासून नाय."

माझं सकाळचं भाषण, हात जोडणं, काठीचा पुरावा, सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं होतं. ते तिच्या कामाचं नव्हतं एवढंच. मला वाटत होतं माझ्या चुकीवर सगळं अडलंय. माझ्या चुकीची तिथे कुणाला गरजच नव्हती.

हरेश चिडला. इंजिन मागे आहे, जुन्या होड्यांना इंजिन नव्हतं, आता सगळ्यांच्याच होड्या थोड्या मागे बसतात, माल भरला की सरळ होईल, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, "उद्याचा पानी गेला तर पंदरा दिस गेले. मी जाताव. नारल नसला तरी जाताव."

यमुनाबाय ताटावरून उठली. "हरेश!"

हिराबाय आवाज न चढवता म्हणाली, "तुजा आजा पन असाच बोललेला. माल भरला का सरल व्हल. खारीच्या तोंडाला मागून लाट आली. होरी गावली. तो नाय गावला."

व्हीसीआर थांबवून ठेवला की चित्र थरथरतं. पडद्यावर ती होडी नुसती थरथरत होती.

सोमवार: दिवाळे

सकाळी उठलो तर हरेश घरात नव्हता. धक्क्यावर गेलो. होडी तिथेच होती. हरेश आणि दोघे पुतणे गळ्यापर्यंत चिखलाने माखून डोंगराकडचे काळे दगड पाटीने नाळेत टाकत होते. रागाने टाकत होते, पण टाकत होते. मागचं जड जाळंही पुढे ओढलं होतं.

"किती टाकायचे?" मी विचारलं.

"तिला इचारा," हरेश म्हणाला.

म्हणजे पुन्हा शूटिंग. एकच बॅटरी शिल्लक, आणि भरती तीनच्या सुमाराला. मी घरी जाऊन विचारलं, तर हिराबाय म्हणाली, "कालची आन आजची शेजारी शेजारी दाव. नायतर माज्या ध्यानात र्‍हात नाय किती उचलली ती."

कालची कॅसेटमध्ये, आजची अजून घ्यायची, आणि शेजारी शेजारी. म्हणजे एडिटिंग. लग्नवाल्याकडे त्याला दोन व्हीसीआर लागतात आणि चार दिवस. माझ्याकडे एक व्हीसीआर, आणि होडी तरंगल्यावर जेमतेम दीड तास. पण कॅमेऱ्यात कॅसेट वाजते, म्हणजे कॅमेरा हाच दुसरा व्हीसीआर. दीड वाजता होडी तरंगली. खडूच्या खुणा सकाळपासूनच्या चिखलाच्या पायांनी पुसल्या होत्या, पण हरेशला दगडावरची जागा पाठ होती. ठिपका बारावर. एक मिनिटाचं चित्र घेतलं. पळत घरी. वायरी जोडल्या. कॅमेऱ्यात कॅसेट पुढे-मागे, व्हीसीआरवर रेकॉर्डचं बटण, थांबवायचं, पुन्हा. कालची होडी पाच आकडे मोजेपर्यंत, आजची पाच आकडे मोजेपर्यंत, पुन्हा कालची, पुन्हा आजची. जोडाच्या जागी दर वेळी रंगीत पट्टे सर्रकन वर जात. घरातले सगळे मागे उभे. कुणाचा तरी श्वास माझ्या मानेवर. एकदा चुकून कालच्या होडीवर कालचीच होडी आली. सुमन म्हणाली, "अहो, शांत. होडी कुठे पळत नाहीये." मी म्हटलं, "तोच तर प्रॉब्लेम आहे."

अडीच वाजता झालं. लावलं.

होडी मागे बसली. सर्रकन पट्टे. होडी सरळ झाली. पट्टे. मागे बसली. सरळ झाली. माणसं त्याच जागी, काठी त्याच जागी, फक्त पिवळा पट्टा पाण्यावर हळूच डुलल्यासारखा पुढे-मागे. कधी कुणी असं काही पाहिलं नव्हतं. मीसुद्धा. लग्नवाल्यांनी जोडलेले वाढदिवस, मुंजी पुष्कळ पाहिलेत, पण दोन तुकडे जोडून काहीतरी *कळतं*, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हिराबाय पुढे वाकली. नाळेकडे बोट केलं, मागच्या टोकाकडे बोट केलं. ओठ हलत होते. ती बोटं मोजत होती.

"अजून दोन पाट्या टाक पुडं," ती हरेशला म्हणाली. "मंग जा."

आणि पदराखालून नारळ काढून त्याच्या हातात ठेवला. हरेशने तो दोन्ही हातांनी घेतला, तिच्या पायांना डोकं लावलं. काल रागावलेला माणूस तोच का, असं वाटावं इतक्या हळू. मग एकदम सगळ्यांना पाण्याची आठवण झाली. तीन वाजायला आले होते. पुतणे पळाले, यमुनाबाय पळाली, जाऊ पळाली, सुमनसुद्धा पायांत चपला न घालता पळाली. गल्लीत नुसता पावलांचा आवाज.

मीही उठलो. कॅमेऱ्याच्या वायरी व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरच्या टीव्हीत. सोडवायच्या म्हटलं तर पाच मिनिटं, भिंग लावून फोकस करायचं तर आणखी दहा. बॅटरीचा दिवा लाल. होडी सुटणार आत्ता.

"तू पन जा," हिराबाय म्हणाली.

"कॅमेरा अडकलाय."

"मंग डोल्यांनी बग जाऊन."

मी दारापर्यंत गेलो. मागे वळलो. ती एकटीच खाटेवर होती, आणि टीव्हीवर होडी मागे बसत होती, सरळ होत होती. त्या घरात तिच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं असं वाटलं. मी परत आलो आणि खाटेपाशी चटईवर बसलो. तीन दिवसांत पहिल्यांदाच. पाय पसरले. यमुनाबायने सकाळी झाकून ठेवलेली निवटीची वाटी तशीच होती. ती ओढून घेतली, भाकरीचा तुकडा मोडला आणि श्रावणाचं पुढच्या वर्षी बघू म्हटलं.

लांबून कुणीतरी ओरडलं. नारळ फुटल्यासारखं वाटलं, की पाण्यात पडल्यासारखं, सांगता येत नाही. मग इंजिन सुरू झालं. दोनदा खोकलं, मग लागलं. फट् फट् फट्. आवाज धक्क्यापाशी थोडा वेळ थांबला, मग वळला, मग गल्लीच्या दुसऱ्या बाजूने यायला लागला. खाडी तिथे वळते. हिराबायने मान त्या बाजूला केली. तिचे डोळे मिटलेले होते. आवाज बारीक झाला. वाटेत गाळ लागतो तिथे एकदा अडखळला, माझा घास तोंडातच राहिला. मग पुन्हा लागला, आणि पुढे गेला.

टीव्हीत होडी अजून धक्क्यालाच होती. मागे बसलेली. सरळ. मागे बसलेली.

"बंद कर तो," हिराबाय म्हणाली. "होरी गेली."